तिकीट नसलेलं पत्र हातात आलं की

उलगडू नकोस. आधी तो कागद आहे तसा, घडीतच, खिडकीपाशी ठेव आणि चारी अंगांनी नीट बघ. माळ्यावरचं दप्तर निघालं की सगळ्यांचा हात पहिल्यांदा घडीकडं जातो. आत काय लिहिलंय, जमिनीचं आहे का सोन्याचं, ही घाई. आतला मजकूर कुठं पळून जात नाही पोरी. बाहेरची बाजू मात्र एकदा चुरली की गेलीच, आणि पत्र कुठून आलं, कसं आलं, कधी पोचलं हे निम्मं बाहेरच लिहिलेलं असतं.

आपल्या चिकोडी-निपाणी भागात असे कागद घरोघरी आहेत. कुलकर्ण्यांच्या, देसायांच्या, पाटलांच्या, सावकारांच्या घरी, आणि ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या कन्नड बोलतात त्या घरांतसुद्धा, कारण कचेरीचा कागद मोडीत चालायचा. पुडकं सापडलं की कुणीतरी म्हणतं, तिकीट नाही म्हणजे तिकीट निघायच्या आधीचं, दोनशे वर्षांचं! हे लगेच मान्य करायचं नाही. हिंदुस्थानभर चालणारं टपालाचं तिकीट आलं १ ऑक्टोबर १८५४ ला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते निपाणीहून कोल्हापूरला जावो नाहीतर कलकत्त्याला. पण तिकीट न लावता पत्र टाकायची मुभा त्यानंतरही होती. घेणाऱ्यानं दुप्पट भरायचे. त्यालाच आपल्याकडं नॉटपेड किंवा बेरंग म्हणायचे, आणि पुष्कळ लोक मुद्दाम नॉटपेड टाकत, म्हणजे टपालवाला पैसे वसूल करण्यासाठी तरी पत्र घरपोच नेईल. तेव्हा तिकीट नसलेलं पत्र तीन तऱ्हेचं असू शकतं: टपालात कधीच न गेलेलं, १८५४ च्या आधी टपालानं गेलेलं, किंवा नंतर नॉटपेड गेलेलं. सगळ्यात आधी हे ठरवायचं.

ठरवायचं कसं, तर शिक्का शोधायचा. टपालातून गेलेल्या पत्रावर गावाच्या नावाचा ठसा असतो. फार जुन्या ठशांत नुसतं गावाचं नाव असतं, पुढच्या काळात तारीखही येते. इंग्रजी स्पेलिंगवर विसंबू नकोस. साहेबाला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं, आपली चिकोडी कुठं ‘चिकोरी’ अशीही दिसते. मग कोपऱ्यात बघ. शाईनं घाईघाईत लिहिलेला आकडा असेल तर ते वजन किंवा हशील, म्हणजे टपालाचे पैसे. १८५४ च्या आधी हशील अंतरावर आणि वजनावर ठरायचं, म्हणून प्रत्येक पत्राचा आकडा वेगळा. ‘पेड’ म्हणजे पाठवणाऱ्यानं भरलं, ‘बेअरिंग’ म्हणजे घेणाऱ्यानं द्यायचं. पेडचा ठसा बहुधा तांबडा, बेअरिंगचा काळा. तांबडा रंग दिसला की मोहोर म्हणून हुरळून जाऊ नये.

आणि शिक्काच नाही, आकडाही नाही, नुसतं नाव-गाव आहे? मग ते हातानं आलेलं. पेशवाईत पत्रं जासूद नेत, बहुधा जोडीनं, वाटेत एकाचं काही झालं तर दुसरा पोचावा म्हणून. सावकारांचे स्वतःचे कासीद, म्हणजे पत्र नेणारे, असत. कंपनी सरकारची डाक सुरू झाल्यावरही आपल्या भागातल्या पेढ्यांनी कासीद लगेच मोडले नाहीत.

आता घडीचा मळ बघ. ही खूण मला सगळ्यात विश्वासाची वाटते. पत्र प्रवास करतं तेव्हा त्याची एकच बाजू बाहेर असते. जासुदाच्या कमरेचा घाम, धूळ, पावसाचा थेंब, सगळं त्या एका पट्टीवर बसतं. ती पट्टी काळपट आणि बाकीचा कागद आतून उजळ, असं असेल तर पत्र खरोखर चाललेलं आहे. सगळीकडं सारखाच पिवळेपणा असेल, पत्ता नसेल, लाखेचा किंवा डिंकाचा डाग नसेल, तर तो बहुधा मसुदा किंवा नकल, घरीच राहिलेली. दप्तरात अशा नकला पुष्कळ असतात. त्या कमी प्रतीच्या समजू नकोस. अस्सल दुसऱ्याच्या घरी गेलेलं असतं आणि तिथं जळून गेलेलं असतं.

एवढं झालं की फोटो काढ. घडीतला, पुढून-मागून, शेजारी पट्टी ठेवून. मगच उलगड, आणि तेही एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत नाही. कागद तेव्हा कडक असतो, घडीवर मोडतो. आपल्याकडं जूनचे पाऊस लागले की हवेतच ओलावा येतो, तेव्हा कागद दोन दिवस सोप्यात सावलीला सुती कापडाखाली ठेव, आपोआप सैल पडतो. पाण्याचा हात लावायचा नाही, अगदी ओलं फडकंसुद्धा नाही. जुनी शाई काजळ आणि डिंकाची, उन्हानं विटत नाही, शंभर-दोनशे वर्षं काळीभोर राहते, पण पाणी लागलं की सरळ वाहून जाते. कडा तपकिरी पडलेली, कागद खाऊन भोकं पाडणारी शाई दिसली तर ती वेगळी, लोखंडी शाई. ती बरीचशी इंग्रजी कारभारातल्या कागदांवर भेटते.

कागद उजेडापुढं धर. हातकागद असेल तर चाळणीच्या काड्यांच्या बारीक रेषा दिसतात, जाडी कमी-जास्त असते, मध्येच एखादा तंतू. जुन्नर आणि दौलताबाद ही अशा कागदाची नावाजलेली ठिकाणं. विलायती कागद असेल तर पाण्याची खूण, म्हणजे वॉटरमार्क, दिसते, एखाद्या गिरणीचं नाव, कधी सालसुद्धा. साल मिळालं तर त्याचा अर्थ एवढाच की पत्र त्या सालाच्या आधीचं नाही. कागद दहा वर्षं कपाटात पडून मग लिहिला गेला असेल.

आता वाचायला बस. पण मजकुराला हात घालू नकोस, आधी दोन टोकं वाच, माथा आणि शेवट. मोडीत शिरोरेघ आधी पानभर ओढलेली असते आणि अक्षरं तिला लटकवलेली, हात न उचलता, शब्द न तोडता. इकार-उकाराला ऱ्हस्व-दीर्घ नाही. अक्षराला काना लागला की त्याचं रूपच बदलतं. मधून वाचायला गेलं तर माणूस पहिल्या ओळीतच बुडतो. टोकं मात्र ठरलेली असतात, पाठ केलेली, म्हणून तीच आधी सुटतात. वर ‘श्री’. मग मायना. ‘तीर्थरूप’ असेल तर लिहिणारा लहान, ‘चिरंजीव’ असेल तर मोठा, ‘राजश्री … गोसावी यांसी’ असेल तर बरोबरीचा व्यवहार, ‘वेदमूर्ती’ असेल तर भटजी-शास्त्री. ‘रामराम’, ‘दंडवत’, ‘आशीर्वाद’, ‘नमस्कार’, ‘सलाम’ यांतलं काय आलंय त्यावरून दोघांची जात-पायरी त्या काळच्या हिशेबानं लगेच कळते. शेवटी ‘बहुत काय लिहिणे, लोभ असावा हे विनंती’ नाहीतर ‘जाणिजे’. विनंती असेल तर पत्र, जाणिजे असेल तर हुकूम. त्या ठरलेल्या वाक्यांतली अक्षरं वेगळ्या कागदावर काढून घे. हा त्या कारकुनाचा ‘ब’, हा त्याचा ‘ल’, हा त्याचा ‘व’. प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं असतं, म्हणून पुस्तकातल्या मोडीपेक्षा ही तूच काढलेली बाराखडी जास्त उपयोगी पडते. शेवटच्या ओळीत हात बदललेला दिसला तर तिथं थांब. मजकूर कारकून लिहायचा आणि मालक पुष्कळदा शेवटची ओळ स्वतःच्या हातानं घालायचा. सही शोधत बसलीस तर मिळायची नाही. ती ओळ म्हणजेच त्याची सही.

दोन उभ्या रेघा ॥ दिसल्या की शब्द तोडलाय असं समज. क॥ म्हणजे कसबे, मु॥ म्हणजे मुक्काम, ब॥ म्हणजे बद्दल, नि॥ म्हणजे निसबत, गु॥ म्हणजे गुजारत, म्हणजे कुणाच्या हस्ते ते. आणि याच रेघा आकड्यापुढं आल्या तर अपूर्णांक: । पाव, ॥ अर्धा, ॥। पाऊण. ‘५॥’ म्हणजे साडेपाच. पंचावन्न किंवा पाचशे अकरा नव्हे. जमिनीच्या वादात असले आकडे चुकीचे वाचून लोक हट्टाला पेटलेले मी पाहिलेत.

तारखेपाशी मात्र दमानं घे. माझ्या मते पत्र वाचता येणं म्हणजे तारीख लावता येणं, बाकी सगळं त्याच्या मागून येतं. एक कागद समोर धरू. आपल्याच दप्तरातला, पुण्याच्या सावकाराकडून चिकोडीला आलेला, जोंधळ्याच्या भावाबद्दलचा. आत लिहिलंय शके १७५३, खरनाम संवत्सरे, फाल्गुन वद्य ५. खाली जुन्या वळणाच्या कारकुनानं ‘छ १८ सवाल, सु॥ इसन्ने सलासीन मयातैन व अलफ’ असंही घातलंय.

शकात ७८ मिळवले की इसवी सन, पण जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९. फाल्गुन पाडव्याच्या आधीचा, म्हणून १७५३ अधिक ७९, मार्च १८३२. आता पडताळा. मोडीतला ३ आणि ८ पुसट झाला तर एकसारखा दिसू शकतो, मग १७५३ की १७५८? संवत्सराला विचार. शकात १२ मिळवायचे, ६० नं भागायचं, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक, प्रभव पहिला. बाकी शून्य आली तर साठावा. १७५३ अधिक १२ म्हणजे १७६५, बाकी २५, आणि पंचविसावा संवत्सर खर. १७५८ असता तर बाकी तीस, दुर्मुख आला असता. आकडा पुसला तरी शब्द टिकतो, म्हणून संवत्सराचं नाव कधी सोडू नकोस.

दुसरी ओळ अरबी. ‘छ’ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्यातला दिवस. इसन्ने दोन, सलासीन तीस, मयातैन दोनशे, अलफ हजार, बेरीज १२३२. हा सुहूर सन, मृगाला बदलतो. जूनमधल्या मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. मार्च आहे, म्हणून १२३२ अधिक ६००, पुन्हा १८३२. जुळलं. फसली लिहिलेली असेल तर तिची बेरीज ५९० किंवा ५९१ ची. फसली आणि सुहूर दोन्ही मृगाचीच, दोघांत नऊचा फरक. हे दोन सन एकमेकांत मिसळले की नऊ वर्षांचा घोळ होतो. आणखी एक बारीक पडताळा: तिथी आणि चंद्र दोन्ही चंद्रावरच चालतात, मुसलमानी महिना चंद्रदर्शनानं लागतो म्हणून एक-दोन दिवस मागं असतो. वद्य ५ म्हणजे महिन्यातली विसावी तिथी, वीसातून दोन गेले की अठरा. छ १८. इथं छ ५ वाचलं गेलं असतं तर समजायचं की आपण काहीतरी चुकीचं वाचतोय.

आता त्याच पत्राची बाहेरची बाजू. तिथं वेगळ्या हातानं, वेगळ्या शाईनं, बारीक अक्षरात ‘पै॥ चैत्र शु॥ २ शके १७५४’. पै॥ म्हणजे पैवस्ती, पत्र पोचल्याची नोंद, ही घेणाऱ्याच्या कारकुनानं केलेली. आत १७५३, बाहेर १७५४. बघणाऱ्याला वाटतं वर्षभर पत्र कुठं अडकलं? अडकलं नाही, मध्ये पाडवा झाला. फाल्गुन वद्य पंचमी ते चैत्र शुद्ध द्वितीया, बारा दिवस. पुण्याहून चिकोडीला, टपालाचा शिक्का नाही, म्हणजे सावकाराचा कासीद वाटेतल्या पेढ्यांची पत्रं देत-घेत आला असणार.

याच्यावर अजून एक पडताळा आहे आणि तो आपल्या मुलखाचाच. पत्त्यात ‘जिल्हे धारवाड’ आहे. का? बेळगाव जिल्हा धारवाडातून वेगळा झाला तो १८३६ मध्ये. ‘जिल्हे बेळगाव’ लिहिलेलं पत्र त्याच्या आधीचं असणार नाही. तसंच चिकोडी-मनोळी हे जोडनाव. १८१२ च्या करारात करवीरकरांनी, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींनी, त्यावरचा हक्क सोडला, १८१७-१८ च्या लढाईनंतर इंग्रजांनी तोच मुलूख त्यांना परत दिला, आणि १८२० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा काढून घेतला. म्हणून चिकोडीच्या कागदात ‘सरकार’ हा शब्द आला की कुठलं सरकार, हे साल बघून ठरवायचं. पेशव्यांचं, करवीरचं, निपाणकरांचं की कंपनीचं? निपाणीचे सिधोजीराव नाईक निंबाळकर १८३९ मध्ये वारले, पुढं त्यांची जहागीर इंग्रजांकडं गेली. ‘कंपनी सरकार’ १८५८ ला संपलं. एका शब्दानं पन्नास वर्षं इकडची तिकडं होतात.

निपाणीच्या पेठेतले कागद निराळे. तिथं तंबाखूच्या व्यापारानं गुजराती-मारवाडी पेढ्या आल्या, त्यांच्या कागदात शिरोरेघ नसलेली अक्षरं आणि विक्रम संवत. व्यापारी संवत दिवाळीला बदलतो. डिसेंबरपर्यंत ५७ वजा करायचे, नंतर ५६. आणि घडी घातलेला लहान कागद, त्यात रक्कम लिहून पुढं तिच्या निम्म्याची दुप्पट लिहिलेली, ‘रुपये ५००, निमे अडीचशेचे दुप्पट’ अशा धाटणीची, दिसली तर ते पत्र नव्हे, हुंडी. आकडा कुणी खोडून वाढवू नये म्हणून ती सोय.

गावांची नावं अडतील. कारकून मराठी, गाव कन्नड, मग जोडाक्षर गाळलेलं, शेवटचं अक्षर कानाला लागलं तसं. मोडी जाणणारा मिरजेत, कोल्हापुरात मिळेल, पण त्या दोन अक्षरांवरून गाव ओळखणारा इथलाच लागतो. आपल्या शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या अज्जींना ते नाव मोठ्यानं वाचून दाखव, दोन-तीन तऱ्हांनी. त्या हसत हसत सांगतील. गाव सापडलं की कागदाची निम्मी भांडणं मिटतात.

मिती लावायला जंत्री लागते. कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांची जंत्री या भागात मी अजून वापरतो. मजकूर पडताळायला छापील कागद लागतात. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढला, त्यात आपल्या मुलखाची गावं आणि घराणी पानोपानी आहेत. तुझ्या पत्रातला एखादा माणूस तिथं भेटला तर त्याचा हुद्दा कळतो, मायना का तसा आहे ते कळतं. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जा, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० पासून चालू. जाताना मूळ पत्र नेऊ नकोस, फोटो ने. आपला तालुका १९५६ ला म्हैसूर राज्यात गेला, पण त्याच्या आधीचे कागद मुंबई इलाख्याच्या वाटेनं गेलेले, म्हणून बेळगावात नाही मिळाले तर कोल्हापूर-पुण्यात विचारायचं. माणसं इकडं राहिली, कागद तिकडं. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणूनच घरातला कागद घरात सांभाळायचं एवढं सांगतोय.

विकत घ्यायला कुणी येईल. येतातच, निपाणीच्या आठवडी बाजारापासून मोटारीतून येणाऱ्यापर्यंत. पंचाहत्तर वर्षांवरचा ऐतिहासिक मोलाचा कागद १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतो. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो आणि देशाबाहेर नेता येत नाही. पण कायद्यापेक्षा माझं म्हणणं वेगळं आहे. घेणारा पुडक्यातून शिक्क्याचं एक पत्र उचलतो आणि बाकीचं ठेवून जातो. एकटं पडलेलं पत्र मुकं होतं. त्याचं उत्तर, त्याची पैवस्ती, त्याच्या मागचा हिशेब त्याच रुमालात, म्हणजे दप्तर बांधलेल्या फडक्यात, असतो. म्हणून रुमाल सोडलास की क्रम मोडू नकोस. वरून खाली, जसे निघतील तसे पेन्सिलीनं कोपऱ्यात हलका आकडा घाल. पेननं नाही. चिकटपट्टी नाही, लॅमिनेशन तर नाहीच, ते एकदा केलं की परत सुटत नाही. धुतलेल्या, खळ काढलेल्या सुती कापडात बांध, वेखंडाचे तुकडे ठेव, आणि वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आधी पाऊस ओसरला की, सावलीत वारा दे.

प्रत्येक पत्राबरोबर एक चिठ्ठी ठेव. तीवर एवढंच लिही: कुठल्या पुडक्यात सापडलं, कितवं, बाहेर काय आहे, आत कुठली मिती, तुझ्या हिशेबानं इसवी सन काय. जे अक्षर लागलं नाही तिथं टिंबं दे, अंदाजानं भरू नकोस. आणि चिठ्ठीखाली तुझं नाव आणि आजची तारीख घाल, शकासकट.